मास्तरांची लिंबोणी

लिंबोणी छाटायला मला मास्तरांनी शिकवलं. त्याआधी श्रीगोंद्याकडच्या आमच्या मळ्यात छाटणी म्हणजे कोयता घ्यायचा आणि वाटेत येईल ते उडवायचं. मास्तर शाळेत शेती शिकवायचे आणि रविवारी चर्चमधून परतताना लोकांच्या बांधावर न बोलावता थांबायचे. खिशात छाटायची कात्री असायचीच. पहिल्यांदा माझ्या बागेत शिरले तेव्हा रामराम नाही की श्यामश्याम नाही, सरळ हातातला कोयता काढून घेतला. "झाडाला जीभ न्हाई म्हनून मनाला यील तसं तोडायचं व्हय रं?"

मला असा राग आला! रागीट तर मी आहेच, अजूनही बाजारात आडत्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस जात नाही. पण मास्तरांपुढं काही चालेना. त्यांनी मला झाडाच्या पोटातले पानसोट दाखवले. सरळ वर जाणारे, जाड, हिरवेगार, लांब काट्यांचे फुटवे.

"ह्ये दिसायला राजबिंडं, पन फळाच्या नावानं बोंब! झाडाचं सगळं ह्येच खातं. ह्ये काढ, आन् ह्या वाकड्यातिकड्या बारीक फांद्यांना हात लावू नको. लिंबं त्याच देत्यात."

या एवढ्या बोलण्यावर माझी बाग उभी आहे. मास्तरांना मात्र त्यापायी गावानं 'कात्रीमास्तर' म्हणून उभा जन्म चिडवलं.

दोन वर्षांपासून मास्तर विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मी गेलो की कधी ओळखायचे, कधी "कोन पायजे?" विचारायचे. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, कात्री पिठाच्या डब्यात लपवली होती, तरी त्यांनी ती हुडकलीच. काकूंचा फोन आला, "तू ये बाबा. तुझं ऐकतील."

गेलो. घरामागं त्यांनी स्वतः लावलेली एकच लिंबोणी आहे. मास्तर तिच्यापाशी उभे, हातात कात्री, आणि खाली कोवळ्या लिंबांनी लगडलेल्या फांद्यांचा खच. झाडावर पानसोट तेवढे जागच्या जागी. अहो, सगळं उलटं!

"मास्तर, द्या, मी करतो," मी म्हणालो.

"तू आधी शिक," म्हणाले, आणि आणखी एक फांदी गेली.

कात्री हिसकावून घेता आली असती. ऐंशीच्या पुढचा माणूस, कितीसा जोर असणार? पण ज्या हातानं मला शिकवलं तो हात मी कसा धरू? भित्रा म्हणा मला. काकू तोंडाला पदर लावून दारात, आणि मी नुसता उभा. संध्याकाळपर्यंत फळ देणारी एकही फांदी उरली नाही.

आठवड्यानं पुन्हा गेलो. मास्तर झाडापुढं खुर्ची टाकून बसले होते, लालबुंद. त्या दिवशी नजर अगदी पहिल्यासारखी. झाडाचं काय वाटोळं झालंय ते त्यांना बरोबर दिसत होतं. कोणी केलं, तेवढं ध्यानात नव्हतं.

"कोन्या गाढवानं कापलं ह्ये? फळाचं सगळं काढलं आन् पानसोट ठिवलं!"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगितलं असतं तर म्हातारा जागीच खचला असता. जी एक गोष्ट त्यांना येत होती तीही हातची गेली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मी कापलं," मी म्हणालो.

मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोन रं तू? लाज न्हाई वाटत? तुला कुनी मास्तर हुता का न्हाई?"

"होते. चांगले होते. मीच चुकलो."

मास्तर जरा निवले. झाडाकडं बघत म्हणाले, "मग जा, त्यास्नी बोलावून आन. ते येईस्तोवर झाडाला कुनी हात लावू नका."