बंद मागांची नोंद

देशाच्या विकासदराचा तिमाही आकडा जाहीर झाला की मी पहिला फोन श्रीनिवासला करायचो. त्या दिवशीही केला. आकडा अंदाजापेक्षा चांगला होता, उद्या बाजार वर उघडणार हे दिसत होतं आणि मला रात्रीच्या आत शेअर बाजारावरचा लेख द्यायचा होता. फोन त्याच्या मुलीनं उचलला. "काका, बाबा गेले... दुपारी, ऑफिसातच." मी "बरं" म्हणालो. मग बसून लेख पूर्ण केला, त्याला तेजीचं शीर्षकही दिलं. पाच आठवडे झाले, पण तो लेख माझ्या हातून कसा लिहिला गेला, हे मला अजून सांगता येत नाही.

श्रीनिवास माझा शाळेपासूनचा मित्र. विणकराचा मुलगा, घरात तेलुगू, आमच्याशी पक्कं सोलापुरी. कारखान्यांच्या उत्पादनाची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयात त्यानं सगळी नोकरी काढली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत दर महिन्याला जायचं आणि फॉर्म भरून आणायचे, हे त्याचं काम. दिल्लीत जाहीर होणाऱ्या आकड्यात त्याच्याही फॉर्मांचा काही अंश असायचा. मी मात्र तो आकडा दिल्लीतच जन्मतो अशा थाटात लिहायचो.

एकदा असाच मोठा आकडा आला आणि 'आता सोलापूरचे मागही जोरात चालणार' असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो मला एका कारखान्यात घेऊन गेला. लेखाचा विषय काढला नाही. मालक चहा पुढं करत म्हणाले, "मागल्या महिन्याचाच आकडा टाका की साहेब. लई फरक न्हाय." श्रीनिवासनं चहा घेतला, मग उठून एकेका मागावर हात ठेवत सगळी शेड फिरला. निम्मे माग थंड होते. तेवढे बंद, असं त्यानं लिहून घेतलं. परतताना मी विचारलं, एवढ्याशा नोंदीनं देशाच्या आकड्याला काय होणार? तो म्हणाला, "काय न्हाय होणार. बंद होते, बंद लिहिले."

ते मी छापलं नाही. वाचकांना तेजी हवी होती... मलाही. काही महिन्यांनी तो मोठा आकडा सुधारून खाली आणला गेला, तेव्हा त्याचा फोन आला. पेपरात दिलंस का, एवढंच विचारलं. आतल्या पानावर दोन ओळी, मी म्हणालो. तेव्हापासून मी पहिला फोन त्याला करू लागलो. तो माग किती चालू, किती बंद ते सांगायचा. मी ऐकून घ्यायचो आणि लिहायचं तेच लिहायचो.

परवा त्याच्या घरी गेलो. लक्ष्मीवहिनी चहा ठेवायला आत गेल्या. त्याच्या खोलीत खुंटीवर एक शर्ट होता, बाह्यांवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. कारखान्यातून बाहेर पडलं की माणूस अंग झटकतो, तसे मी नकळत ते फरशीवर झटकले. वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या. "तेवढा एकच धुतला न्हाय मी," त्या म्हणाल्या. चहा घेऊन निघालो, तेव्हा मुलगी केरसुणी घेऊन त्या खोलीकडं निघाली होती. वहिनींनी तिला हात धरून थांबवलं.