परबांचे चाळीस रुपये

शनिवार, १४ जानेवारी २०२३. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ नेमकी आठवते, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो आणि परबांनी बेल दाबून त्या कामात विघ्न आणले. दार उघडताच त्यांनी तळहात माझ्या नाकासमोर धरला. हातावर एक रुपयाचे नाणे होते. काळपट, आणि कडेला कशाचा तरी चिकटा लागलेले.

"साहेब, ह्येच्यार साल काय ता वाच. माझो चष्मो घरीच रवलो."

"एकोणीसशे त्र्याऐंशी."

"मग झाला. आजपासून मी नाणी जमवतंय," असे जाहीर करून ते आत आले आणि माझ्याच खुर्चीत बसले.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत परब दुसऱ्या मजल्यावर राहत, मी तिसऱ्या. एकतीस वर्षांचा शेजार. वडील परळला गिरणीत; हे स्वतः लिफ्टचे मेकॅनिक. आयुष्यभर लोकांना वर पाठवले आणि स्वतः जिना चढले, असे ते सांगत, आणि दर वेळी प्रथमच सांगत असल्यासारखे हसत. मी भांडुपच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळाला. मी परबांना 'तुम्ही' म्हणत असे. ते मला एकाच वाक्यात 'साहेब' आणि 'तू' दोन्ही म्हणत. त्यात त्यांना कधी विसंगती दिसली नाही.

नाण्यांचे कारण आदल्या रात्री जेवताना घडले होते. त्या वर्षी १० डिसेंबरला त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे होणार होती. परबवहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "चाळीस वर्षांत चाळीस रुपयांची वस्तू आणली नाहीत हो माझ्यासाठी." दुसरा एखादा नवरा ओशाळून साडीच्या दुकानात गेला असता. परबांनी वाक्य शब्दशः घेतले. बायकोला चाळीस रुपये द्यायचे: १९८३ ते २०२२, दर सालचा एक. सहजीवनाचा हिशेब वर्षाला एक रुपया बसतो, हे मी निदर्शनास आणून दिले.

"मग? जास्त झालो काय?" परब म्हणाले. नंतर आवाज उतरवून, "साहेब, खयच बोलूचा नाय हां. हिका कळला तर मजाच गेली. नाणी तुझ्या कपाटात ठेवतलंय. शब्द दी."

मी सहसा कोणाला शब्द देत नाही. त्या दिवशी दिला.

नवशिक्याला नियम लागतात. परबांनी एकच केला, तोही सर्वांत गैरसोयीचा: नाणे विकत घ्यायचे नाही आणि कोणाकडे मागायचेही नाही, व्यवहारात सुट्टे म्हणून हातात आले तरच ते आपले. मुहूर्तही त्यांनी अचूक साधला होता. नारळवाल्यापासून चांभारापर्यंत सर्वांच्या टपरीवर पैसे मिळाल्याची घोषणा करणारे ते बोलके डबडे बसले होते आणि सुट्टे ही वस्तू शहरातून उठत चालली होती. नेमक्या त्या वेळी हा गृहस्थ सुट्ट्यांच्या शोधात निघाला. वीस रुपयांची कोथिंबीर-मिरची घ्यायची आणि पन्नासाची नोट पुढे करून उभे राहायचे. भाजीवाला म्हणायचा, "काका, फोनवरून टाका ना."

"फोनात पैसो आसता रे बाबा, पण खुळखुळता खय?"

भाजीवाला वैतागून गोणपाटाखालची चिल्लर समोर ओतत असे. परब चष्मा सावरून सालांची उलटापालट करत. मागे रांग वाढे. रांगेत बहुधा मी असे.

मी माझ्या परीने शिकवले. सालाच्या खाली बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, तारा असेल तर हैदराबादचे. १९९१ पर्यंतचा नेहमीचा रुपया लोहचुंबकाला दाद देत नाही. १९९२ पासूनचा पोलादी रुपया लगेच चिकटतो. परबांनी टांकसाळीकडे दुर्लक्ष केले, आणि चुंबक तेवढा माझ्याकडून नेला तो परत दिला नाही. नाणे धुऊ नये, हा या छंदातला पहिला धडा. तो मी पहिल्याच दिवशी तीनदा सांगितला. आठवड्याभराने त्यांनी सहा रुपये आणून दिले, सहाही देवघरातल्या तांब्यासारखे लखलखीत. रात्रभर आमसुलांच्या पाण्यात ठेवून सकाळी राखेने घासले होते.

"परब, जाणकार माणूस अशा नाण्याकडे ढुंकून बघत नाही."

"जाणकाराक देवचा नाय माका. देवाची भांडी घासून ठेवतंव, आणि बायलेक मळको रुपयो देव?"

मी नाणी संग्रहाच्या जाड पानांतल्या प्लास्टिकच्या खणांत घालून कपाट बंद केले.

जुलैअखेर एकोणचाळीस झाले. दहिसरला मुलीकडे जायचे तर परब मुद्दाम बस बदलत बदलत जात, कंडक्टरच्या पिशवीसाठी. एकदा तीन कंडक्टर पालटून ते १९८७ घेऊन आले, तेव्हा मुलीच्या घरी जेवणे आटोपली होती. राहिले फक्त १९९०. मी त्यांना चेंबूरला माझ्या परिचयाच्या एका नाणेविक्रेत्याकडे नेले. त्याने पेटी उघडली; त्यात १९९० चे अकरा रुपये होते, किंमत प्रत्येकी साठ. परबांनी अकराही हातात घेऊन पाहिले, चहा प्याले, आभार मानले आणि उठले.

"साठ रुपयांनी आपण दोघे भिकेला लागणार नाही," मी रस्त्यावर म्हणालो.

"विकत घेतलेलो रुपयो म्हणजे भाड्यान हाडलेलो वऱ्हाडी, साहेब. जेवता, जाता. आपलो नसता तो."

दरम्यान इमारतीत वेगळीच बातमी पिकली होती. जुने रुपये लाखांना विकले जातात, असे सांगणारी चित्रफीत कोणीतरी सोसायटीच्या गटावर टाकली आणि परब चिल्लर का चिवडतात याचे उत्तर सर्वांना आपोआप मिळाले. लिफ्टमध्ये मुलेही विचारू लागली, "परबकाका, गाडी कुठली घेणार?" परब सांगत, "लाल. वरती दिवो असलेली." मला ते गमतीचे वाटले. ते तसे नव्हते, हे सप्टेंबरात कळले.

सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळच्या आरतीनंतर ताट फिरले. परबांनी त्यात दहाची नोट ठेवली आणि एक रुपया उचलला. अर्ध्या तासात ते माझ्या दारात होते. डोळे लहान मुलासारखे.

"नव्वद! अरे, देवाच्या ताटात होता! दहा दिले, एक घेतलो. सुट्टे झाले की नाय?"

देवाकडूनही सुट्टे घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. उरलेल्या एकाच रिकाम्या खणात तो रुपया मी स्वतः सरकवला. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

आमच्या चिटणीस नाडकर्णीबाई आरती फोनवर चित्रित करत होत्या. चित्रफितीत नोट दिसत नव्हती, कोणाच्या तरी खांद्याआड गेली होती. उचलणारा हात मात्र स्वच्छ दिसत होता, अंगठीसकट. शुक्रवारी ती फीत गटावर आली. शनिवारी विसर्जन झाले. रविवारी, २४ सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजता गच्चीवर सभा भरली. अध्यक्ष मी होतो.

"मी काही चोरी म्हणत नाही," नाडकर्णीबाईंनी सुरुवात केली, आणि म्हणत राहिल्या. "पण असे रुपये ऑनलाइन लाखाला जातात, हे सगळ्यांना माहितीय. देवाच्या ताटातून? आपल्या मुलांनी काय शिकायचं?"

मी रीतीप्रमाणे विचारले, "परब, तुम्ही ताटातून नाणे उचललेत?"

"उचललंय. दहाची नोट ठेवली, रुपयो उचललो."

"दहा ठेवून एक कोण उचलतं हो!" मागून कोणीतरी म्हणाले. हशा झाला.

"कारण?" मी विचारले.

परबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिले. तिथे वहिनी बसल्या होत्या, पदराचे टोक बोटाला गुंडाळत. एकोणीस वर्षे गणपतीचे मोदक त्यांच्या हातचे असत. मग परबांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनंती होती, एवढे मला कळले. 'बोल' अशी होती की 'बोलू नको' अशी, हे मी तेव्हा ठरवले नाही.

"कारण सांगूचा नाय," परब म्हणाले.

मी शब्द दिलेला होता. शिवाय तो रुपया माझ्या कपाटात होता, आणि अध्यक्षाच्या कपाटात देवाचा रुपया सापडणे शोभले नसते. या दोहोंपैकी कोणत्या कारणाने मी गप्प राहिलो, ते मला ठाऊक आहे. ठराव झाला: सदर सभासदाने नाणे परत करावे आणि लेखी दिलगिरी द्यावी. मसुदा मीच सांगितला. माझे मराठी चांगले आहे.

सोमवारी सकाळी कपाटातून १९९० काढून मी परबांच्या हातात दिला. त्यांनी तो चार जणांदेखत दानपेटीत टाकला. पेटी दुपारी बँकेत गेली. जिन्यात त्यांनी मला गाठले. मी शिव्यांच्या तयारीत होतो.

"साहेब, तू गप रवलंस, बरा केलंस. माका वाटला, आता गुपित फोडतलो हो."

मी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"ही बोलत नाय माझ्याशी. जेवण वाढता आणि आत जाता. चालताला. दहा डिसेंबरापर्यंतच तर प्रश्न आसा. त्या दिवशी चाळीस रुपये हातात पडले की हसतली बघ."

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

"अजून अडीच महिने आसत रे! मिळतलो नव्वद."

मी सांगू का वहिनींना, एवढे चार शब्दांचे वाक्य होते. अडीच महिन्यांत ते मला सुचले नाही असे नाही. परब रोज पन्नासाची नोट घेऊन बाजारात जात राहिले. भाजीवाले आता चिल्लर ओतायच्या आधी गल्ल्यावर हात ठेवत. बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती. वहिनींनी खाली येणे सोडले. खालच्या मजल्यावरून मला भांड्यांचे आवाज ऐकू येत, बोलण्याचे नाहीत.

४ डिसेंबरला पहाटे परब झोपेतच गेले. नव्वद मिळाला नव्हता.

स्मशानात नाडकर्णीबाईंचे यजमान माझ्याशेजारी उभे होते. हळहळून म्हणाले, "माणूस तसा सरळ होता हो. तो एक प्रसंग सोडला तर." आजूबाजूच्या तीन-चार जणांनी माना हलवल्या. चौतीस वर्षे सदोष माल मी एका खुणेने बाजूला काढला. पण चांगल्या मालावर चुकीची खूण पडली तर ती पुसायची कशी, याची कारखान्यात पद्धत होती. तिथे ती मी कधी चुकवली नाही.

रविवारी, १० डिसेंबरला, सकाळी दहा वाजता मी नाण्यांचा तो जाड पानांचा संग्रह घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनी खाली चटईवर बसल्या होत्या. चहा विचारला नाही, सुतक होते. सुतक नसते तरी, नंतरचे ऐकल्यावर, विचारला नसता.

"हे परबांनी तुमच्यासाठी जमवलं. आजच्या दिवसासाठी."

त्यांनी पहिले पान उघडले. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. बोट एकेका सालावरून सरकत गेले. आमसुलाने घासलेल्या त्या रुपयांकडे जाणकाराने ढुंकूनही पाहिले नसते. वहिनी पाहत होत्या. बोट नव्वदवर थांबले.

"हा खण रिकामा का?"

"तो रुपया आरतीच्या ताटात मिळाला होता. दहा ठेवून घेतला होता. आम्ही परत करायला लावला."

त्यांनी रिकाम्या खणावरचे प्लास्टिक बोटाने सारखे केले.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, भावोजी?"

"जानेवारीपासून."

"आणि सभेत तुम्हीच विचारलंत, कारण काय म्हणून."

"हो."

"दोन महिने मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही." आवाज चढला नव्हता. "शेवटच्या रात्री विचारत होते, ताक आहे का गं. आहे म्हणाले नाही मी. नुसती वाटी सरकवली."

"वहिनी, माझी चूक..."

"मला नका सांगू. मला सांगून काय होणार? ज्यांच्यासमोर विचारलंत, त्यांना सांगा."

त्यांनी संग्रह बंद केला आणि उठून, सुतक न मानता, देवघरात ठेवला. मी निघालो. दार लावायला त्या आल्या नाहीत.

घरी येऊन मी सोसायटीचा कागद घेतला आणि विशेष सभेची सूचना हाताने लिहिली. विषय एकच: २४ सप्टेंबरच्या ठरावाची दुरुस्ती. खुलासा अध्यक्ष करतील. खुलाशानंतर अध्यक्ष राजीनामा देतील. या वेळी मसुद्याला दोन ओळी पुरल्या. सही केली, शिक्का मारला, सूचनाफळ्याची किल्ली घेऊन खाली गेलो. फळ्यावर जागा नव्हती. पाण्याचे वेळापत्रक काढून डाव्या कोपऱ्यात लावले, माझा कागद मधोमध टाचला, काच सरकवली आणि कुलूप ओढून पाहिले.