उभ्या मिरचीचं बी

आमच्या परसातल्या त्या मिरचीला वहिनी नाव घेऊन कधी हाक मारायची नाही. 'त्याले पाणी घातलं का?', 'त्याच्यावर राख टाकली का?' एवढंच. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं. दादा म्हणायचा, मला तरी इतकं पाणी कुठं विचारते ही. बाकी गाव तिला उभी मिरची म्हणे, कारण तिची फळं खाली लोंबत नसत, देठावर ताठ उभी राहून वर बघत. आकार रानबोराएवढा. कोवळी असताना जांभळासारखी काळी, मग काही दिवस आजारी माणसाच्या नखासारखी पांढुरकी, आणि पिकली की एकदम लाल. एका झाडावर हे तिन्ही रंग एकाच वेळी दिसत.

ते झाड कोणी लावलेलं नव्हतं. किन्हीराजा गावाच्या अलीकडं आमचं वावर होतं, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ. कापूस वेचताना वहिनीला तिच्या बुडाशी ते दिसलं. बुलबुल बाभळीवर बसायचे, त्यांनीच कुठून तरी बी आणून टाकलं असणार. वेचणीच्या बाया लांब सरकल्या. काळी मिरची कुठं असते का, ही कोणी तरी करणी करून टाकलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. वहिनी म्हणाली, पाखरानं करणी केली असेल तर पाखराला जाब विचारा, आणि मातीच्या ढेकळासकट झाड टोपल्यात घालून घरी घेऊन आली.

त्या दिवशी तिनं एका मिरचीचा एवढासा तुकडा चाखला आणि न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली. डोळ्यांतून पाणी, जीभ बाहेर. दादा घाबरला, काय झालं म्हणून विचारू लागला, तर तिनं हातानंच थांबा म्हणून खूण केली. बऱ्याच वेळानं बोलता आलं तेव्हा तिचा पहिला शब्द होता, "ठेवाची."

ही वहिनी म्हणजे माझी आईच म्हणा. आई गेली तेव्हा मी भाकरी कुस्करून मागायच्या वयाचा होतो. मला तिनंच वाढवलं. ती दादाशी भांडायची, गड्यांशी भांडायची, माझ्याशी कधीच भांडली नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी हे ठाऊक असलेलं बरं.

ती मिरची ठेच्यात घालता येत नसे, माणूस उठून पळाला असता. वहिनीनं तिची वेगळी रीत बसवली. देठाला दोरा बांधायचा, उकळत्या वरणात मिरची सोडायची, जरा थांबून वर काढायची. मग तीच अंबाडीच्या भाजीत, तीच कढीत. तिखटापेक्षा तिचा वास मोठा. कैरीचा देठ मोडल्यावर येतो ना, तसा. पार गळली की मग जवस आणि मिठाबरोबर पाट्यावर वाटायची. बेसनाच्या पातोड्यांच्या रश्शात मात्र ती आख्खी सोडत असे, आणि त्या दिवशी आमच्या घरी जेवणारं प्रत्येक माणूस नाक पुसत पुसत अजून एक भाकरी मागे.

वाशीमकडच्या मालेगावहून एक मणियारीण बांगड्या घेऊन यायची. ओसरीवर बसून वरण-भाकरी खायची आणि दर खेपेला म्हणायची, "भाबी, दो बिया दे ना." वहिनी हसून तिला मिरची द्यायची, पण कढीतून काढलेली. उकडलेलं बी उगवत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. ताक, दाणे, लुगडं, काहीही मागा, वहिनी देऊन टाके. हे बी मात्र नाही. मला तेव्हा तो तिचा कंजूषपणा वाटे. आता वाटतं, वावर दादाचं, बैल दादाचे, मीसुद्धा दुसरीच्या पोटचा. त्या घरात तिनं स्वतः शोधून आणलेलं तेवढं एकच होतं.

माझं लग्न झालं. बायको मानोऱ्याकडची. वहिनीनं तिला पहिल्याच वर्षी सरत्यावर उभी केली. आमच्याकडं तिफणीच्या मागं बांधलेल्या नळीतून, म्हणजे सरत्यातून, तुरीचं बी सोडायचं काम बायांचं. ओटीत बी बांधून बैलांच्या चालीनं चालायचं आणि मूठ अशी सोडायची की ना गर्दी होईल, ना जागा सुटेल. तिचा हात असा बसलेला होता की तूर उगवली तेव्हा दोरी धरून लावल्यासारखी दिसली. वहिनी शेजारणीला हात धरून वावरात घेऊन गेली, बघा म्हणाली. मिरचीचा दोरा धरायलाही तिनं हिलाच शिकवलं.

मग मुलगा झाला. त्याच साली परसात पाणी साचून मिरचीचं झाड उभ्या उभ्या वाळलं. मरता मरता त्यानं थोडी फळं दिली. वहिनीनं ती दोऱ्यात ओवून चुलीवरच्या खुंटीला, धुरात, टांगली. तेवढंच बी.

चैत्रात दादा आणि वहिनी बैलगाडीनं पोहरादेवीच्या जत्रेला गेले. त्या दिवशी दुपारी आळीतल्या बाया बाळाला बघायला आल्या, गोरा आहे, बाळसेदार आहे, असं बोलून गेल्या. दिवेलागणीला पोर रडायला लागलं ते थांबेना. दूध घेईना. बायको म्हणाली, दृष्ट काढते, मडक्यातल्या मिरच्या द्या. मीठ-मोहरी तिच्या हातात होतीच.

मी मडक्यात हात घातला तर मिरच्यांना ओल लागून बुरशी आलेली. वर पाहिलं तर माळ. तेव्हा मनात काय आलं ते मला नीट आठवतं. एवढ्या जबर दृष्टीला मिरचीही जबर पाहिजे, असं आलं. ती कशाची माळ आहे, कुणाची आहे, सगळं ठाऊक होतं. मी ती ओढली, मिरच्या ओरबाडल्या आणि मागून बायकोच्या मुठीत कोंबल्या. तिचं तोंड पोराकडं होतं, चिमणीचा उजेड तो केवढा. तिनं ओवाळलं आणि चुलीत टाकलं.

दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका येत नाही म्हणतात. आम्हाला असा ठसका आला की पोराला घेऊन बाहेर पळावं लागलं. अख्खी आळी खोकत दारात उभी. म्हणजे दृष्ट नव्हतीच. पोर मोकळ्या हवेत गप्प झालं, सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत राहिलं आणि झोपून गेलं. मी सकाळपर्यंत खुशीत होतो.

सकाळी बायकोला रिकामी खुंटी दिसली. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं चुलीतली राख चाळून पाहिली. मग म्हणाली, बाईंना तुम्हीच सांगा. वहिनीला ती बाई म्हणे. मी हो म्हटलं.

वहिनी जत्रेहून आली ती अंगावर धूळ, हातात प्रसाद. पाणीसुद्धा प्यायच्या आधी सवयीनं तिची नजर वर गेली. मला विचारलं, "माळ कोठी गेली?"

"पोराले दृष्ट लागली होती," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण दृष्ट काढायचं काम बाईचं. वहिनीनं माझ्या बायकोकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी बैल सोडायला गेलो.

वहिनीनं आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. पेरणीच्या दिवशी बायको ओटी बांधून वावरात आली तेव्हा वहिनीनं तिच्या हातातला सरता काढून घेतला आणि पाण्याची घागर दिली. बी जाळणाऱ्या बाईचा हात पेरणीला लागू नये, असं आमच्याकडं मानतात. तेव्हापासून निंदणं, वेचणं, भाकरी, दुखणीखुपणी सगळं तिच्याकडं, फक्त बियाला हात नाही. दर साली पेरणीला ती धुऱ्यावर घागर घेऊन उभी राही. आजूबाजूच्या वावरांतल्या बायांना ते दिसे, आणि का ते त्यांना माहीत होतं.

मी बोलू शकलो असतो. पहिल्या साली वाटलं, पुढच्या साली बोलू. पुढच्या साली वाटलं, आता बोललो तर गेल्या साली का नाही, असं विचारतील. बोललो नाही. त्याऐवजी मी मिरच्या शोधू लागलो.

बाजार, जत्रा, सोयरीक, कुठंही गेलो की लोकांच्या परसात डोकावायचो. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरून पांढरी मिरची आणली. तिथल्या म्हातारीनं झाडच उपटून हातात दिलं. वाशीमच्या एका बागवानाकडून टमाट्यासारखी गोल आणली. घोसानं लागणारी आणली, मेंढ्याच्या शिंगासारखी पीळ पडलेली आणली. वहिनी प्रत्येकीचा वाफा करी, राख टाकी, पानं आकसली तर ताक शिंपडी, आणि प्रत्येकीचं काय करायचं ते शोधून काढी. गोल मिरचीत बेसन भरायचं. पिळाची दह्यात मुरवून वाळवायची, खिचडीबरोबर तळायची. पांढरी कढीत, कारण तिच्यानं कढीचा रंग बिघडत नाही. आमचं परस बघायला परगावचे लोक येऊ लागले. ते दिवस फार चांगले होते, आणि म्हणूनच लिहायला जड जातात. उभी मिरची मात्र कुठं मिळाली नाही.

आलेल्या प्रत्येकाला वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायची, "हिनं जाळलं, अन् यानं रानोमाळ फिरून आनून देलं." बायको तिथंच वाफ्याला पाणी देत असायची. मी मान खाली घालायचो, लोकांना तो विनय वाटायचा. गप्प बसलो त्याची लाज एक. ही शाबासकी खाल्ली त्याची त्याहून जास्त.

बायको या गोष्टीवर पुन्हा एकदाच बोलली. मिरच्या तोडत होती, वर न पाहता म्हणाली, "आता आनखी कितीक आनसान?"

दादा गेला. वहिनीला कमी दिसू लागलं. गेल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं बियांची गाडगी खाली काढली, एकेक चाचपून ओळखली आणि म्हणाली, हे सारं माझ्या भाचीकडं पाठवून दे. "हिलेच देलं असतं. पन हिच्या हाती देता येत नाई ना."

बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. ते थांबलं नाही म्हणूनच मी बोललो असेन.

"वैनी, थे माळ म्या ओढली होती. हिले माहीत बी नव्हतं."

"कोनती माळ?" वहिनी म्हणाली.

ती माळ विसरून गेली होती. मिरची, खुंटी, जत्रा, काही तिच्या मनात उरलेलं नव्हतं. फक्त हिचा हात बियाला नको, एवढं उरलं होतं. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, मडक्यातल्या बुरशीपासून बैल सोडायला गेलो तिथपर्यंत. सांगताना कळलं, किती लहान गोष्ट होती ती.

वहिनीनं गाडग्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "इतके साल म्या हिले घागर घेऊन धुऱ्यावर उभी केली. अन् तू मले मिरच्या आनून देत राह्यला." जन्मात ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. नंतर बायकोकडं वळली. "तू काहून नाई बोलली वं?"

"तुमी मले नाई इचारलं, बाई. त्याईले इचारलं होतं."

वहिनीनं गाडगी तिच्याकडं सरकवली. बायकोनं पिठाचे हात दाखवले, पोळ्या होऊ द्या म्हणाली. पोळ्या झाल्या, जेवणं झाली, भांडी घासून झाली. मग तिनं हात धुऊन, पुसून एकेक गाडगं उचललं. त्या दिवशी आणि पुढं कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही.

पेरणीला तिनं सरता धरला. पण हात तो राहिला नव्हता. बैल पुढं जात, मूठ मागं राही. मध्येच भसकन बी पडे. तूर उगवली ती अशी: इथं झुबका, तिथं चार पावलं काहीच नाही, नुसते नांगे. धुऱ्यावरून जाणारे बघत होते. वहिनीला मी हाताला धरून वावरात आणलं होतं. तिला काही दिसत नव्हतं. तिनं मला विचारलं, कसं उगवलं?

चांगलं उगवलं म्हणणं सोपं होतं. बायको ऐकण्याच्या अंतरावर होती.

"नांगे पडले," मी म्हटलं. "लय पडले."

वहिनीनं मान हलवली. म्हणाली, इतक्या सालांनी दुसरं काय होणार, आणि धुऱ्यावर बसली. जिथं उगवलं नव्हतं तिथं बायको बोटानं माती उकरून दाणे टोचू लागली. मी तिच्यामागं गेलो. तिनं थोडा वेळ मला नुसतं उभं राहू दिलं, मग ओटीतलं मूठभर बी माझ्या हातावर ठेवलं आणि पलीकडच्या ओळीकडं बोट केलं.