पश्चिमेच्या भिंतीवरची मधुमालती

शेजारच्या गुरुजींची मधुमालती मी मारली. फाल्गुनात ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, मोर्शीला लग्नाला गेले होते, तेव्हा कुंपणावरून हात घालून मी तिच्या खोडाची साल विळ्यानं खरवडली आणि दर्यापूरच्या वावरातून आणलेलं तणनाशक चिंधीनं चोळलं. पाणी न मिसळता. नुसतं मुळाशी ओतून वेल मरेलच असं नाही, एवढं शेतकऱ्याला कळतं.

कारण सांगतो, त्यानं चूक लहान होत नाही. अकोल्यातल्या आमच्या घरापुढे मी टिनाचं शेड टाकलं होतं. ते दीड हात गुरुजींच्या हद्दीत गेलं. त्यांनी अर्ज केला. महापालिकेची माणसं शेड कापत होती, गल्ली जमली होती, आणि गुरुजी फाटकात उभं राहून म्हणाले, "दीड हात जागा खाल्ली तुनं. आता ऊन खा." लोक हसले. माझी बायको तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला की रडायला, मी विचारलं नाही.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या घशात अडकून होतं. त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीवर तारा बांधून काकूंनी ती वेल गच्चीपर्यंत चढवली होती. गुरुजींना दमा, कूलरची ओली हवा सोसायची नाही. उन्हाळ्यात त्यांची खोली निवायची ती त्या पानांमुळेच. मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर वेलच धरली.

पानं पिवळी पडू लागली तसा मी रोज सकाळी चहा घेऊन गच्चीवर जायचो. काकू खाली गळालेली पानं झाडायच्या आणि मला चहा गोड लागायचा. एकदा त्यांनी खालूनच विचारलं, "बापू, तू वावरातला माणूस. पाहून सांग ना, काय झालं हिले?"

"उधई लागली असन, काकू," वाळवीवर ढकलून मी मोकळा झालो.

आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्या पाण्यातली एक बादली काकू वाळल्या खोडाला घालत राहिल्या. तरी माझं मन भरेना. मला गुरुजींना तापलेलं पाहायचं होतं.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संधी आली. त्या दिवशी आम्ही पितरांच्या नावानं एका माणसाला जेवू घालतो. गुरुजींच्या वडिलांच्या जागी दरवर्षी मीच बसायचो. यंदा बोलावणार नाहीत असं वाटलं होतं, पण काकू आल्या. "भांडण तुमचं दोघाचं. पितराले काय त्याचं?"

मी गेलो, पण जेवायला नाही. पाट पश्चिमेच्या खोलीत मांडला होता. भिंत तव्यासारखी तापलेली, पाठ भाजत होती. काकूंनी माझे पाय धुतले, गंध लावलं. गुरुजी बाजूला बसले. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती आणि हातपंख्यानं ते वारा घालत होते. मला. स्वतःला नाही.

"जेवा, बाबा," ते म्हणाले. मला अरे-तुरे करणारा माणूस. "यंदा खोली लय तपली. वेल गेली न आपली."

चिंच-गुळाच्या चिंचवणीची वाटी मी तोंडाशी नेली होती, ती खाली ठेवली.

"गुरुजी, पंखा ठेवा तो. उधई नव्हती. म्या विष लावलं वेलीले, तुमाले ऊन खाऊ घालाले. माफ करा मले. काकू, तुमीबी."