माउंटखाली गेलेलं विमान

उल्हास सबनीस गेली सव्वीस वर्षं दुबईत लोकांच्या चित्रांना फ्रेमा करतो. राहायला शारजात रोला भागात, वर्कशॉप रास अल खोरला, टायरच्या गोदामाला लागून. हॉटेलवाल्यांनी त्याला जगवलं. सत्तर खोल्यांना सत्तर उंट, तेही एकाच छापाचे, असल्या ऑर्डरी त्याने किती केल्या त्याला गणती नाही. पैसेही जमत गेले, मुलगी इथल्या शाळेत शिकून बोलायला पार इंग्रजी झाली, आणि उंटांचा त्याला मनापासून वीट आला.

त्याच्या वडिलांचं इचलकरंजीला फ्रेमचं दुकान होतं. गिऱ्हाइकं दोनच जातीची, देवांच्या तसबिरीवाली आणि घरातलं माणूस गेलेली. वडिलांनी त्याला एकच गोष्ट कान पिळून शिकवली होती. माउंट, म्हणजे काचेखाली चित्राभोवती बसतो तो पुठ्ठ्याचा चौकोन, चित्रावर एक सूत चढवायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून जास्त झाकायचा आपल्याला हक्क नाही. फोटोतल्या म्हातारीच्या पदराचा काठ झाकला गेला म्हणून वडिलांनी एकदा तयार फ्रेम पुन्हा खोलायला लावली होती आणि वर मुस्काटातही दिली होती. उल्हासने सव्वीस वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता. उंटांच्या बाबतीतसुद्धा नाही.

मोडला तो या वर्षी, आणि मोडला तोही अशा चित्रांवर.

मे महिन्यात एमान त्याच्याकडे आली. एमान शारजात वाढलेली पॅलेस्टिनी चित्रकला-शिक्षिका. गाझातून उपचारांसाठी इकडे आणलेल्या मुलांना ती आठवड्यातून दोनदा चित्रं काढायला शिकवायची. त्या मुलांच्या चौतीस चित्रांचं प्रदर्शन दुबईतलं एक खाजगी बालसंग्रहालय सप्टेंबरात भरवणार होतं. संग्रहालयाचं नाव मी घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला करा. तिथे हे काम सांभाळणारी मृणालिनी पुण्याची, मराठी मंडळातली. तिनेच उल्हासचा नंबर दिला होता.

एमानबरोबर एक मुलगी आली होती. रिताज, नऊ वर्षांची, एका पायाने कुबडीवर. उल्हासचा सुतार लियाकत लाकूड कापत होता, ते ती स्टुलावर बसून बघत राहिली. तिचं चित्र उल्हासने हातात घेतलं. खाली समुद्र, निळ्या दाराचं घर, आणि वर उजव्या कोपऱ्यात एक विमान. ऑइल पेस्टल इतकं दाबून फिरवलं होतं की कागद तुकतुकीत झाला होता. ती अरबीत काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, फ्रेममध्ये सगळं दिसेल ना," एमानने इंग्रजीत सांगितलं.

"सगळं. पूर्ण," उल्हास म्हणाला आणि वर "इन्शाल्ला" जोडलं. या गावात इन्शाल्ला म्हटलं की काम होईलच असं नाही, हे मेकॅनिकच्या गिऱ्हाइकालाही कळतं. पण उल्हासने ते खरंच मनापासून म्हटलं होतं.

संपूर्ण उन्हाळा त्याने उंट बाजूला ठेवले. प्रत्येक चित्राला माउंट एक सूत. लियाकतने पॉलिश असं केलं की बोट सरकावं. सुलभा, उल्हासची बायको, म्हणाली देखील, "अहो, आपल्या लग्नाच्या फोटोला कधी एवढं जपलं नाहीत."

मग मृणालिनीचा फोन आला.

"काका, एक छोटीशी रिक्वेस्ट आहे. मॅनेजमेंटने फायनल फोटो बघितले. सगळ्यांना खूप आवडलंय. फक्त ती विमानं."

"कुठली विमानं?"

"नऊ चित्रांत आहेत बघा, वरती. माउंट जरा खाली घ्या ना. दोन इंच. ओरिजिनलला हात नाही लावायचा, फक्त झाकायचं."

"अगं, मी सूतभर घेतो. दोन इंच म्हणजे आभाळच गेलं की."

"काका, नाहीतर शोच होणार नाही. वरून प्रेशर आहे. माझ्या हातात काही नाहीये. प्लीज. एमानशी मी बोलते."

आता इथे उल्हासने काय करायला हवं होतं ते सगळ्यांना कळतं. त्यालाही कळत होतं. पण पोर आपल्यातली, काका काका करते, हा एक भाग. दुसरा असा की मुलांच्या आया बसने येणार आहेत, मुलं नवे कपडे घालणार आहेत, आणि दोन इंचांसाठी सगळंच बुडवायचं? थोडं झाकून सगळं वाचत असेल तर झाकावं, असा हिशेब त्याने मनाशी केला. असला हिशेब करणाऱ्या माणसाचं नेहमी काय होतं ते त्याने आजूबाजूला कमी वेळा पाहिलं नव्हतं.

लियाकतला चहाला पाठवून त्याने नऊ नवे माउंट स्वतः कापले. लियाकत परत आला आणि रिताजचं चित्र बघून थांबला.

"उल्हास भाई, हवाई जहाज़ किधर गया?"

"उन लोगों को नहीं चाहिए."

"बच्ची से पूछा?"

"मृणालिनी मॅडम पूछेगी."

लियाकतने नुसती मान हलवली, आणि ती हलवणं उल्हासला दिवसभर डाचत राहिलं.

रविवारी चौतीस फ्रेमा गेल्या. मंगळवारी मेल आला. 'सध्याचे संवेदनशील वातावरण आणि सर्व संबंधितांचे हित लक्षात घेऊन सदर प्रदर्शन अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात येत आहे.' कोणी ढकललं, कोणाच्या सांगण्यावरून, याचा पत्ता नाही. प्रदर्शन जणू आपल्या पायांनी चालत पुढे गेलं होतं. उल्हासने मेल तीनदा वाचला आणि मृणालिनीला फोन लावला.

"काका, मी तरी काय करू? एका स्पॉन्सरने आक्षेप घेतला. विमानं झाकली काय न झाकली काय, त्यांना तो विषयच नको होता."

"मग माझ्याकडून झाकून का घेतलंस?"

"तेव्हा वाटलं होतं होईल म्हणून. माझा व्हिसा यांच्याकडे आहे काका, माझ्या तन्मयची दहावी आहे."

"एमानशी बोललीस?"

"बोलणारच होते. मग कॅन्सलच झालं, म्हटलं आता कशाला सांगायचं."

उल्हासने फोन ठेवला तो जवळजवळ आपटलाच. राग तिचा आला होता, पण तिच्यावर काढायला जागा नव्हती, कारण कटर काही तिने धरला नव्हता.

दिवसभरात बातमी फुटून गदारोळ झाला. कोणी म्हणालं मुलांच्या चित्रांना घाबरता, लाज वाटत नाही का. कोणी म्हणालं लहानग्यांच्या संग्रहालयात युद्ध कशाला आणता. संग्रहालयाने आणखी एक निवेदन काढलं, पहिल्याहून लांब आणि पहिल्याहून पोकळ. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका डेंटिस्टने अकरा परिच्छेद लिहिले, त्याला एका बिल्डरने 'आपण इथे पाहुणे आहोत, आपलं काम बरं' असं सुनावलं, आणि शेवटी अ‍ॅडमिनने गणपतीच्या आरत्यांचं वेळापत्रक टाकून सगळ्यांची तोंडं बंद केली. ज्यांची चित्रं होती त्यांना कोणी काही विचारलं का, तर नाही. ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

जेवताना इशिता, उल्हासची सोळा वर्षांची मुलगी, फोन नाचवत म्हणाली, "बाबा, धिस इज इन्सेन. दे आर किड्स! तू फ्रेम केलीस ना सगळी?"

"केली."

"अ‍ॅज दे आर?"

"हो गं," उल्हास म्हणाला. सुलभाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आमटी वाढली.

बुधवारी एमानचा फोन आला. आवाज बसलेला, पण रडका नाही, चिडलेला. "बस शनिवारची ठरलेली आहे. आयांनी कपडे इस्त्री करून ठेवलेत. मी त्यांना नाही म्हणून सांगणार नाही. चित्रं तुझ्याकडे परत येतायत. प्रदर्शन नाही, काही नाही. आम्ही आमची चित्रं न्यायला येतो. अर्धा तास बघू देशील?"

"या ना, यल्ला, कधीही या," उल्हास म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला ती नऊ झाकलेली चित्रं आठवली.

अजून वेळ होता. नऊ फ्रेमा खोलायच्या, दोन इंची माउंट काढायचे, पहिले सूतभरवाले बसवायचे. कोणालाही कळणार नाही. लियाकत बोलणाऱ्यातला नाही. उल्हासला जरा बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाही त्याला राग आला.

गुरुवारी चित्रांचा ट्रक आला तो गोदामांच्या आवाराचा गेट पास नाही म्हणून अकरापासून तीनपर्यंत बाहेर उन्हात उभा. सप्टेंबरातलं दुबईचं ऊन, पत्र्याचा बंद ट्रक. उल्हास गेटवर जाऊन भांडला, ओरडला, कोणाकोणाला फोन केले. वॉचमन म्हणत राहिला, "पेपर लाओ."

शुक्रवारी त्याने फ्रेमा खोलल्या. आठ चित्रं पेन्सिलीची किंवा पाण्याच्या रंगांची होती, ती सुखरूप निघाली. नववं रिताजचं. पुठ्ठा जरा उचलला तसं चर्र झालं. ऑइल पेस्टल कधी वाळत नाही, हे फ्रेमवाल्याला सांगावं लागत नाही. जाड रंगावर पुठ्ठा दाबून वर ऊन खाऊ दिलं तर काय होतं, हे त्याने कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. माउंट सुटला, त्याच्याबरोबर विमानही सुटलं. कागदावर उरला एक निळा, फराटलेला डाग. बाकी सगळा रंग पुठ्ठ्याच्या पाठीवर, उलटा चिकटलेला.

लियाकत शेजारी उभा होता. उल्हासने नऊच्या नऊ माउंट उचलले, बाहेर नेले आणि बलदियाच्या, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या, कचऱ्याच्या पेटीत टायरच्या वेष्टनांखाली खोल सारले. त्याला ते डोळ्यांपुढे नको होते. घाबरलेलं माणूस पुरावा लपवतं, त्यात चित्राचा विचार कुठे असतो.

शनिवारी दहाला बस आली. बावीस बायका, काही मुलं चालत, काही खुर्चीवर. लियाकतने घरून सरबत आणलं होतं. फ्रेमा टेबलांवर, भिंतीला, लाकडाच्या थप्प्यांना टेकून ठेवलेल्या. बायका आधी गप्प होत्या. मग एकीने आपल्या मुलाचं चित्र ओळखून ओढणी तोंडाला लावली आणि हळूहळू वर्कशॉपभर बोलणं सुरू झालं. मुलं एकमेकांना ओढून ओढून दाखवत होती. हे सगळं गार हवेच्या, गुळगुळीत फरशीच्या दालनात व्हायला हवं होतं. होत होतं भुशाच्या वासात, ट्यूबलाइटखाली. उल्हासला संताप आवरेना, आणि त्या संतापात तो स्वतःलाही धरून होता.

रिताज आपल्या चित्रापुढे उभी होती. हलत नव्हती. उल्हास जवळ गेला. लपवायचं सगळं त्याने ठरवून ठेवलं होतं, ओलावा, ट्रक, ऊन, काहीही सांगता आलं असतं. पण त्या पोरीच्या मानेकडे बघून त्याला ते जमेना.

"एमान," तो म्हणाला, "ते मी केलं. त्यांना विमानं नको होती, म्हणून मी वरून पुठ्ठा झाकला. नऊ चित्रांना. तुला न विचारता. रंग पुठ्ठ्याला चिकटला."

एमान त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला की तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिने खाली वाकून रिताजला सांगितलं. रिताज बराच वेळ बोलली. बोलताना तिचं बोट त्या डागावर एका रांगेत टेकत होतं, एक, दोन, तीन.

"ती विचारतेय," एमान म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं हे बॉम्ब टाकणारं विमान आहे? हे त्यांना इथे घेऊन आलं ते विमान आहे. तिने इथल्या लोकांसाठी काढलं होतं. शुक्रन, आभार म्हणून."

उल्हासला एकदम आठवलं. खिडक्या होत्या. ओळीने गोल गोल खिडक्या, आणि प्रत्येकीत एकेक चेहरा. दर दोन वर्षांनी असल्याच विमानाने तो गावाकडे जातो. नऊ वेळा पाहिलं असेल ते चित्र त्याने, कापताना, मोजताना, पुसताना. मृणालिनीने पाहिलं होतं, तिच्या वरच्यांनी पाहिलं होतं. विमान म्हटल्यावर कोणाला खिडक्या दिसल्याच नाहीत.

"पहिल्या खिडकीत आई," एमान सांगत होती. "दुसऱ्या खिडकीत ती. तिसऱ्या खिडकीत हम्माद. तिचा भाऊ. चार वर्षांचा. तो विमानात नव्हता. तिने बसवला होता."

रिताजने हात पुढे केला.

"तो पुठ्ठा मागतेय ती. रंग लागलाय तो."

उल्हास बाहेर धावला. पेटीचं झाकण त्याने दोन्ही हातांनी वर ढकललं. आत काही नव्हतं. तळाला थोडं काळं पाणी होतं. बलदियाची गाडी शनिवारी आठच्या आत येते, गेली कित्येक वर्षं येते, हे त्याला माहीत होतं. तरी तो इस्त्रीच्या शर्टानिशी पेटीत उतरला आणि हाताने कोपरे चाचपत राहिला. लियाकतने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

आत आल्यावर त्याने रिताजपुढे रिकामे हात धरले. "मा फी," तो म्हणाला. नाही. तेवढी अरबी त्याला येत होती.

रिताजने त्याच्या हातांकडे पाहिलं, मान डोलावली आणि आईकडे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आईने डोळे मिटून घेतले. एमान सांगेना. उल्हासने दोनदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ती म्हणाली, हम्माद घराच्या ढिगाऱ्यातसुद्धा सापडला नव्हता."