तात्यांच्या तीनशे कॅलरी

कोपरगावच्या मच्छिंद्र तात्यांना कुणी आळशी म्हणावं, म्हणजे कमालच झाली! चौतीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांत टपाल वाटलं. सायकल पंक्चर झाली तर हातात धरून चालले, पण पत्र दुसऱ्या दिवसावर गेलं नाही. अशा माणसाला पोटच्या पोराने आळशी ठरवलं, आणि तेही एका मनगटी घड्याळाच्या भरवशावर.

झालं असं की तात्यांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, अमृतने, लगेच घड्याळ पाठवलं. चालून किती कॅलरी जळल्या ते त्यात दिसायचं आणि तोच आकडा तिकडे अमृतच्या मोबाईलवर जायचा. रोज तीनशे झाल्याच पाहिजेत, असं त्याने बजावलं.

आता तात्या काय चालत नव्हते? बायको रंगुबाईचं लकव्याने एक अंग गेलेलं. तिला व्हीलचेअरवर बसवून ते रोज सकाळी गोदावरीच्या पुलापर्यंत न्यायचे. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर. उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना खुर्ची कडेच्या मातीत रुतायची, ती काढता काढता तात्या घामाघूम. पुलावर वारा लागला की रंगुबाई अर्ध्या तोंडाने हसायची. दिवसभरात तेवढंच तिचं हसू. घरी येऊन घड्याळ बघावं, तर सत्तर. फार तर ऐंशी.

"तात्या, सत्तर? घराबाहेर तरी पडता का तुम्ही?" अमृत फोनवर चिडायचा.

"आरं, तुझ्या आईला पुलापतुर ढकलत नेतो रोज. लई दम लागतो."

"मग दिसत का नाही ते? घड्याळ कशाला खोटं बोलेल?"

यंत्र सांगतंय म्हणजे आपलंच कुठंतरी कमी पडत असणार, असं हळूहळू तात्यांनाही वाटू लागलं.

संक्रांतीनंतर अमृत गाडी घेऊनच आला. "तुमच्याने स्वतःचं होत नाही, आईचं काय करणार? तिला मी नेतो, तिचं करायला बाई ठेवलीय. माझ्या दोन खोल्यांत सगळे मावायचे नाहीत. तुम्ही इथं तीन महिने रोज तीनशे करून दाखवा, मग आईला आणून सोडतो."

रंगुबाईने चांगल्या हाताने तात्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. ती सोडवताना त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

"तीनच महिने गं," ते म्हणाले. "मी चालतो बघ."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पुलावर जाऊन आले. तोच रस्ता, तेवढंच अंतर, घामसुद्धा आला नाही. आणि घड्याळात तीनशे बारा! तात्या खुळ्यासारखे हसले. मग रोजच तीनशेच्या वर. ते कॅलेंडरवर एकेक दिवस खोडू लागले. फोनवर रंगुबाईचं बोलणं नीट कळायचं नाही. एक शब्द तेवढा कळायचा, "पूल". पण अमृतच्या सातव्या मजल्यावरच्या घरातून तिला रोज खाली नेणार कोण? एकोणसाठाव्या दिवशी तिच्या छातीत कफ दाटला आणि ती पुण्यातच गेली.

महिनाभराने तात्यांनी शेजारच्या मोनिकाला घड्याळाचं कोडं विचारलं. ती शाळेत खेळ शिकवते.

"अहो तात्या, हात किती हलतो त्यावरून ते पावलं धरतं आणि त्यावरून कॅलरीचा अंदाज बांधतं. नुसता अंदाज हो! खुर्ची ढकलताना तुमचे हात दांड्यावर. त्याला वाटलं, हा माणूस बसूनच आहे. खरं तर तेव्हाच तुमच्या जास्त जळत होत्या."

तात्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओट्यावर बसले.

संध्याकाळी अमृतचा फोन आला. "तात्या, आज तीनशे चाळीस झाल्या तुमच्या." मग त्याचा आवाज भरून आला. "हे तुम्ही आधीच केलं असतंत, तर आईला न्यावंच लागलं नसतं हो."

तात्यांच्या ओठांवर सगळं आलं होतं. सांगून टाकावं, मोकळं व्हावं. पण मग हे पोरगं ते उरावर घेऊन जन्म कसा काढणार?

"व्हय बाळा," ते म्हणाले, "चुकलंच माझं. कंटाळा केला मी."