खांदे हलले की

हे गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा मी डब्यासाठी मऊ भात शिजवत होते. टोपात. कुकर लावायची सवय केव्हाच मोडली होती. आमच्या ठाकुर्लीच्या घरातच यांचं पॉडकास्ट चाले आणि शिट्टी झाली की सगळं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागे. फोन ठेवला, गॅस बंद केला. मग त्या भाताकडे बघत किती वेळ उभी होते, आठवत नाही...

माझं शिक्षण चौथीपर्यंत. टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिणाऱ्या माणसापुढे मी काय बोलणार? पण लिहिलेलं प्रत्येक पान हे आधी मला वाचून दाखवत. मी भाजी निवडत ऐकायची. मला आवाज करून हसता येत नाही. पदर तोंडाला जातो आणि खांदे हलतात, एवढंच. वाचताना यांचं लक्ष कागदावर कमी, माझ्या खांद्यांवर जास्त. खांदे हलले नाहीत की पान फाडायचे. हलले की तिथे पेनानं खूण करायचे. मालिकेत मागून हसण्याचा आवाज घालतात ना, तो त्या खुणेवर घालायचा. ठाण्याच्या स्टुडिओतले यांचे मित्र सुहासभावजी घरी आले की म्हणत, "वहिनी, अख्खा महाराष्ट्र तुमच्या हुकमावर हसतो हां!" मी आत पळायची.

पुढे चॅनेलला तरुण लेखक हवेसे झाले. यांना कुणी काढलं नाही, नुसते फोन येईनासे झाले. मग खिडकीला गाद्या टेकवून, पंखा बंद करून, हे घामाघूम होत माईकसमोर बोलायला लागले. समोर स्टुलावर मी. "तू नसलीस तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं," म्हणायचे.

आजारपणात मात्र जमेना. वाक्य अर्ध्यात तुटायचं, धाप लागायची. माझे खांदे हलत नाहीत, हे यांना दिसायचं. शेवटच्या रेकॉर्डिंगला मला ते बघवेना. एक वाक्य कसंबसं संपलं, तशी मी मोठ्यानं हसले. हे थांबले.

"अगं, खोटं हसलीस."

"नाही हो..."

"आवाज आला की! चॅनेलनं नोकरीला ठेवलंय काय तुला?"

परवा सुहासभावजी लॅपटॉप घेऊन आले. तो शेवटचा भाग लोकांना ऐकवायचा की नाही, हे मी सांगायचं होतं. माझा आवाज परक्या माणसांनी ऐकायचा, या विचारानंच आत पळावंसं वाटलं. त्यांनी लावला. माझं ते कर्कश हसणं आलं, यांचं बोलणं आलं. पुढे काहीच नाही.

"वहिनी, इथे बराच वेळ नुसती शांतता आहे. ती कापतो. तुमचं हसणं नको असेल तर तेही काढतो."

त्या शांततेत मी स्टुलावर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत... आणि हे माझ्या खांद्यांकडे बघत होते.

"काही कापू नका, भावजी," मी म्हटलं.

ते गेल्यावर एकटीपुरता भात ठेवला. टोपातच.